रस आहे, चिपाड नाही

संकेश्वरच्या अलीकडं, हमरस्ता सोडून आत गेलं की जिथं पूर्वी गुऱ्हाळ होतं, तिथं आता नागोजीआप्पांचा मठ आहे. त्या रविवारी मठाच्या मांडवात हजार-दीड हजार माणूस दाटीवाटीनं बसलं होतं. बाहेर निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या गाड्या लागल्या होत्या, आणि सगळ्यांच्या नजरा मंचावरच्या अकरा पोरांवर खिळल्या होत्या. सात ते चौदा वयाची पोरं, कपाळाला भंडारा, गळ्यात झेंडूची माळ. अकराही जणांना लहानपणीच मधुमेह जडलेला. डॉक्टर ज्याला टाइप वन म्हणतात तो. या आजारात शरीर इन्सुलिन करायचंच थांबतं. मग ते रोज तीन-चार वेळा सुईनं बाहेरून द्यावं लागतं, जन्मभर द्यावं लागतं, आणि नाही दिलं तर पोर आठवडाभरही टिकत नाही. मंचावरची अकरा पोरं मात्र तीन महिने सुईशिवाय जगत होती. निदान आप्पा तसं सांगत होते, आणि पोरांच्या आया पहिल्या दोन रांगांत बसून माना डोलवत होत्या.

चमत्कार दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, बरोब्बर साडेदहाला. रसाची वेळ आप्पा आठवडाभर आधीच जाहीर करायचे. आवारातल्या चरकावर ताजा ऊस गाळायचा, प्रत्येक पोरानं सगळ्यांदेखत पेलाभर रस प्यायचा, दोन तास भजन, आणि मग बोट टोचून मशीनवर साखर बघायची. बोटाला टोचलेली सुई देवाला चालायची, फक्त औषधाची चालायची नाही. मोठ्या पडद्यावर आकडा उमटला की मांडव दणाणून जायचा. ज्या आजारात पेढ्याचा तुकडा तोंडात टाकताना दहादा विचार करावा लागतो, त्या आजाराच्या पोरानं पेलाभर उसाचा रस पचवायचा म्हणजे काय चेष्टा आहे?

त्या रविवारी नेमकं चरकाचं इंजिन बंद पडलं. पावणेअकरा झाले, रस येईना. अकराला पाच कमी असताना निपाणीकडचा एक मुलगा घामानं निथळायला लागला. त्याच्या शेजारची मुलगी थरथरू लागली. तिसऱ्याची नजर फिरली, चौथा काहीबाही बरळायला लागला, आणि बघता बघता सगळी रांग ओल्या पिलांसारखी कापू लागली.

"अंगात आलं! पोरांच्या अंगात आलं!" मांडवातून कुणीतरी किंचाळलं. बायका हळद-कुंकू घेऊन पुढं धावल्या.

आप्पांनी माईक उचलला. पन्नाशीचा धष्टपुष्ट गडी, केसाला मेंदी, हातात सोन्याचं कडं. "घाबरू नगा! आत झरा फुटायलाय! पेशी-पेशीत कंपन सुरू झालंय, ह्याला इंग्लिशमधी क्वांटम म्हणत्यात!" हे ऐकून मागच्या रांगेतल्या एका निवृत्त इंजिनिअरांनीही हात जोडले.

विद्युल्लता दुसऱ्या रांगेत होती. बेळगावातल्या एका हायस्कुलात ती गणित शिकवायची. मंचावर मधोमध बसलेली अकरा वर्षांची चिन्मयी ही तिची मुलगी. चिन्मयी का कापतेय, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सव्वादहाला मठामागं उसाच्या फडाच्या कडेला गाडी लावून, काचा वर करून, तिनं स्वतःच्या हातानं पोरीच्या पोटात इन्सुलिनची आठ युनिटं टोचली होती. रस साडेदहाला येणार, या अंदाजानं. रस आला नाही, इन्सुलिन मात्र वेळेवर कामाला लागलं आणि रक्तातली होती नव्हती ती साखर त्यानं खाली आणली. अजून अर्धा तास असाच गेला तर पोरगी बेशुद्ध पडणार होती. विद्युल्लताच्या पर्समध्ये ग्लुकोजचा पुडा होता. उठायचं आणि तो चिन्मयीच्या तोंडात ओतायचा, एवढंच काम. पण ग्लुकोज कशाला, असं शेजारी बसलेल्या सासूबाईंनी विचारलं असतं, आणि सासूबाईंच्या मागून दीड हजार माणसांनी. ती पर्सची चेन घट्ट धरून बसून राहिली आणि देवाचा धावा करू लागली.

अकरा वाजून दहा मिनिटांनी इंजिन धडधडलं. पोरांनी रस ढोसला आणि थोड्याच वेळात कापरं थांबलं. "देव शांत झाला," लोक म्हणाले. आणि आता आपल्या गणिताच्या बाईंची कमाल बघा. अकरा पोरं एकाच वेळी, एकाच तऱ्हेनं घामेजली. त्यांतल्या एकीच्या घामाचं कारण बाईंना माहीत. तरीही उरलेल्या दहांच्या अंगात खरोखरचा देव आणि आपल्या एकटीच्या पोरीच्या अंगात आठ युनिटं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. कमी पडली ती आपलीच श्रद्धा, म्हणून बाई भजनात हुंदके देऊन रडल्या. दोन तासांनी पडद्यावर चिन्मयीचा आकडा आला, एकशे सव्वीस. मांडवानं तिच्या नावानं चांगभलं केलं.

हे लचांड सुरू झालं ते सासूबाईंच्या हट्टानं. चार वर्षं रोज सुया टोचून घेणारी नात बघून त्या बाईचं काळीज तुटत होतं, हेही तितकंच खरं. कुणीतरी मोबाइलवर आप्पांचं भाषण पाठवलं, आणि सासूबाई सुनेला व नातीला घेऊन मठात दाखल झाल्या. आप्पांचं बोलणं ऐकायला इतकं सोपं होतं की शहाणा माणूसही फसावा.

"आई, तुझ्या विहिरीचं पाणी आटलं आन् तू रोज टँकर मागवायलीस, तर झरा कशाला फुटंल गं? त्याला काय गरज? सुई म्हंजे टँकर. टँकर बंद कर, झरा आपसूक फुटतोय का न्हाय बग!"

आप्पा पूर्वी कुठल्याशा औषधाच्या दुकानात काउंटरवर उभे असायचे. कोणत्या दुखण्याचा माणूस काय ऐकायला आसुसलेला असतो, हे ज्ञान तिथलंच. विधीही त्यांनी साधाच ठेवला होता. घरातल्या इन्सुलिनच्या बाटल्या आणून मठाच्या कुंडात टाकायच्या, आणि मग आप्पा माईकवरून, सगळ्यांसमोर, एकेका आईला नाव घेऊन विचारायचे, "सुई सोडलीस न्हवं?" आईनं म्हणायचं, "सोडली." सासूबाईंनी तर वर शपथ घेतली, की नातीला पुन्हा सुई लागली तर मी अन्न सोडीन.

विद्युल्लता माईकवर "सोडली" म्हणाली आणि दुसऱ्याच दिवशी स्कूटर काढून हद्दीपलीकडं शिनोळीला गेली. बेळगावातले औषधवाले ओळखीचे, कुणी तरी सासूबाईंच्या कानावर घातलं असतं. शिनोळी महाराष्ट्रात, तिथं तिला कोण ओळखणार? नवी बाटली तिनं शाळेच्या स्टाफरूममधल्या फ्रिजमध्ये लोणच्याच्या डब्यात लपवली. चिन्मयीही त्याच शाळेत, म्हणून सकाळी आणि मधल्या सुट्टीत शाळेच्या बाथरूममध्ये टोचायचं, संध्याकाळी क्लासला सोडताना वाटेत थांबून टोचायचं. चिन्मयीला तिनं गळ्याची शपथ घातली, आजीला सांगायचं नाही. नवरा शरच्चंद्र बेळगावच्या कोर्टात वकील. त्यानं कधी काही विचारलं नाही, म्हणजे त्याला सगळं ठाऊक असावं. चिन्मयीच्या डॉक्टर भैरवी यांच्याकडं जाणंही विद्युल्लतानं बंद केलं, कारण तिथं खरं बोलावं लागलं असतं.

मठाच्या दारात एक भलामोठा फ्लेक्स लागला होता. त्यावर चिन्मयीचा हसरा फोटो आणि खाली दोन तपासण्यांचे आकडे: रक्तातलं इन्सुलिन आजार कळला तेव्हा एकपेक्षा कमी, आता चोवीस. "झरा फुटला," असं लाल अक्षरांत. आणि गंमत म्हणजे ते दोन्ही आकडे अस्सल प्रयोगशाळेतले, अगदी खरे होते.

त्या रविवारी प्रसादाच्या पंगतीत एक बाई विद्युल्लताच्या शेजारी येऊन बसली. हिंडलग्यापलीकडच्या खेड्यातली गुणाबाई. नवरा मारुतीराव शेती सांभाळून उद्यमबागेत कारखान्यात पाळीवर जायचा. त्यांचा नऊ वर्षांचा आदर्श दोन वर्षं इन्सुलिनवर होता, आणि त्या वेळी तो मंचामागं त्या अकरा पोरांत खेळत होता.

"आक्का, एक इचारू?" गुणाबाईनं पुढ्यातल्या भाताला हातही लावला नव्हता. "आमी आज बाटल्या टाकून आलाव कुंडात. पर माझं काळीज धीर धरंना. तुमी शिकल्याली मानसं, शाळंत शिकिवतासा. खरं सांगा, सुई सोडलासा न्हवं?"

समोर सासूबाई बसल्या होत्या, कान टवकारून. विद्युल्लतानं पानाकडं बघितलं. तिच्या मनात हिशेब झाला तो असा: आपलं खोटं असलं तरी बाकीची दहा पोरं खरीच आहेत. आपल्या एकटीच्या पापानं या बाईच्या पोराचं भलं कशाला अडवा?

"हो," ती म्हणाली. "सोडली."

गुणाबाईच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते बघून विद्युल्लतालाही बरं वाटलं. माणसाला खोटं बोलूनही पुण्य केल्यासारखं वाटू शकतं.

मंगळवारी, मधल्या सुट्टीच्या आधी, स्टाफरूममध्ये विद्युल्लताचा फोन वाजला. गुणाबाई होती.

"आक्का, पोरगं काल सांजेपासनं वकायलंय. पाणी मागतंय सारखं. आन् श्वास लई जोरात घ्यायलाय, पळून आल्यागत. तोंडाला पिकल्या फळाचा वास येतोय बगा. आप्पास्नी फोन केलतो. ते म्हणत्यात, झरा फुटायच्या आधी असंच हुतंय, धीर धर. चिन्मयीला बी असंच झालतं व्हय?"

विद्युल्लता खुर्चीतून उठली. पिकल्या फळाचा वास म्हणजे काय, हे तिला चार वर्षांपूर्वीच दवाखान्यात शिकवलं होतं. इन्सुलिन नसलं की शरीर साखर जाळू शकत नाही, चरबी जाळू लागतं, आणि रक्ताचं आम्ल होतं. पोरगं मरायला टेकलं होतं.

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या त्याला," ती म्हणाली.

"पर चिन्मयीला नेलतासा का?"

शेजारच्या टेबलावर मराठीच्या बाई वह्या तपासत होत्या. त्यांची नणंद दर महिन्याला मठात जायची. विद्युल्लतानं एक वाक्य बोलायचं होतं: मी सुई सोडलेली नाही. चार शब्द. पोर वाचवायला तेवढे पुरले असते.

"नाही… तिला असं झालं नव्हतं," ती म्हणाली. "पण तुम्ही न्याच."

"म्हंजे आमचीच श्रद्दा कमी पडली," गुणाबाई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. विद्युल्लतानं परत फोन लावला नाही. घंटा झाली, ती सातवीच्या वर्गावर गेली आणि तिनं त्रैराशिक शिकवलं.

बुधवारी पाळीवरून आलेल्या मारुतीरावानं बायकोचं काही न ऐकता पोराला मोटरसायकलवर टॉवेलनं पाठीशी बांधलं आणि बेळगावचा दवाखाना गाठला. ड्युटीवर डॉक्टर भैरवीच होत्या. त्यांनी तीन तास झुंज दिली. दुपारी चारला आदर्श गेला.

गुरुवारी आप्पांचं नवं भाषण मोबाइल-मोबाइलवर फिरलं. "त्या आईनं चोरून सुई टोचली! झरा फुटायला लागलाय आन् हिनं वरनं टँकर ओतला. इहीर ढासळली. पोरगं देवानं न्हाय नेलं, आईच्या अविश्वासानं नेलं." खाली हजारो लोकांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. जिनं त्या बारा घरांत एकटीनं खरोखर सुई सोडली होती, तिच्याच दारावर कुणीतरी शेण फेकलं. पुढच्या महिन्यात कुंडात बाटल्या टाकायला आणखी तीस घरांनी नावं नोंदवली. आप्पांची भीती वाटायच्या ऐवजी लोकांना आता आपापल्या बायकांच्या अविश्वासाची वाटू लागली.

रविवारी मठात शुद्धीचा कार्यक्रम होता. पोरं पेले रिकामे करून बसली होती आणि भजन रंगात आलं होतं. तेवढ्यात मारुतीरावाला बरोबर घेऊन डॉक्टर भैरवी सरळ मंचासमोर गेल्या.

"आप्पा, आदर्शच्या आईनं सुई टोचली म्हणून तो गेला, असं तुम्ही म्हणता. मग ही अकरा पोरं न टोचता जगलीत ना? मला त्यांचं रक्त तपासायचंय. आत्ता, इथं."

आप्पा मनमोकळं हसले. इन्सुलिनचाच आकडा तर त्यांनी दारात टांगला होता. "घ्या की डाक्टरीणबाई! इन्सुलिन मोजा, आमी मोजलंयच. माझं बी रगत घ्या, मी बी रस प्यालोय!"

"त्याच पेल्यानं मीही पिते," भैरवी म्हणाल्या. "आपल्या दोघांचं तासाभरानं घेऊ."

आयांचे चेहरे उतरले, पण नाही कोण म्हणणार? नाही म्हणणं म्हणजेच कबूल करणं. मारुतीरावानं स्वतः नळ्यांवर नंबर घातले. प्रत्येकाच्या दोन-दोन नळ्या, एक बेळगावला, एक कोल्हापूरला. पुढच्या रविवारी निकाल, असं आप्पांनीच माईकवरून जाहीर केलं, आणि आठवडाभर रिक्षा फिरवून त्याची जाहिरातही केली.

म्हणून त्या रविवारी मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. गुणाबाई शेवटच्या खांबाला टेकून उभी होती. तिला कुणी बसायला जागा दिली नव्हती. भैरवींनी कागद हातात घेतला, पण तो वाचण्याआधी त्यांनी विचारलं, "इथं चरक चालवलेली किती माणसं आहेत?"

शे-दीडशे हात वर गेले.

"ऊस घातला की काय निघतं?"

"रस!"

"आणि?"

"चिपाड!"

"रस निघाला आणि चिपाड निघालंच नाही, असं कधी झालंय?"

मांडव हसला. एक म्हातारा ओरडला, "तसा रस शेजाऱ्याच्या गुऱ्हाळातनं चोरल्याला असतोय!"

"बरोबर बोललात, आजोबा. शरीराचंही तसंच आहे. शरीर एकदम इन्सुलिन करत नाही. आधी एक लांब साखळी करतं आणि मग ती कापतं. कापल्यावर एक इन्सुलिन निघतं आणि एक तुकडा उरतो. त्याला सी-पेप्टाइड म्हणतात. जितकं इन्सुलिन, तितकंच सी-पेप्टाइड. दोन्ही रक्तात उतरतात. हे शरीराचं चिपाड. बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये ते नसतं, कारखान्यातच काढून टाकलेलं असतं. म्हणून मी इन्सुलिनबरोबर सी-पेप्टाइडही मोजलं. रस प्याल्यावर माझं आलं पाच पूर्णांक दोन. आप्पांचं सहा पूर्णांक एक. आप्पांची विहीर तुडुंब भरलेली आहे."

पुन्हा हशा. आप्पांच्या गालावरचं हसू मात्र गोठलं होतं.

"आता पोरं. अकराही जणांच्या रक्तात इन्सुलिन भरपूर आहे, फ्लेक्सवर लिहिलंय तसंच. आणि सी-पेप्टाइड? दहा जणांचं जवळजवळ शून्य. मशीनला पकडताही येत नाही इतकं कमी. एका मुलाचं शून्य पूर्णांक तीन, कारण त्याचा आजार वर्षभराचाच आहे, तळाला थोडा ओलावा उरलाय. तोही आटेल. बेळगाव आणि कोल्हापूर, दोन्हीकडं आकडे तेच. रस आहे, चिपाड नाही. या पोरांच्या अंगातलं इन्सुलिन त्यांच्या शरीरानं केलेलं नाही. ते कुणीतरी टोचलंय. अकराच्या अकरा जणांना."

विद्युल्लतानं मान वळवली. रांगेतल्या बाकीच्या दहा आयाही एकमेकींकडं बघत होत्या, आणि प्रत्येकीच्या तोंडावर एकच भाव होता: तूसुद्धा? तेव्हा कुठं तिला तो चाळीस मिनिटांचा उशीर समजला. अकरा घाम, अकरा कापरी, अकरा सुया. आप्पा दर वेळी रसाची वेळ आठवडाभर आधी का जाहीर करतात, तेही समजलं. देवाला घड्याळ लागत नाही, इन्सुलिनला लागतं.

आप्पांनी आपलं जुनं हत्यार उपसलं. "कसलं चिपाड आन् कसलं काय! ह्या आयाच सांगतील. विद्युल्लताबाई, उठा. समद्यांसमोर सांगा. सुई सोडलासा न्हवं?"

ती उठली. सासूबाईंनी तिचा पदर खाली ओढला, तो तिनं सोडवून घेतला.

"नाही," ती म्हणाली. "एक दिवसही नाही. त्या दिवशी गाडीत आठ युनिटं टोचून मी हिला मंचावर बसवलं होतं. औषध शिनोळीहून आणते."

मग पहिल्या रांगेतली एक बाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "मी कागलहून." तिसरी म्हणाली, "आम्ही गडहिंग्लजहून." ज्या हद्दीवरून इतकी वर्षं मोर्चे निघाले, बसगाड्यांना काळं फासलं गेलं, तिचा अकरा आयांनी मात्र बिनबोभाट उपयोग करून घेतला होता. प्रत्येकीला वाटत होतं, पापी मी एकटीच, बाकी सगळ्यांना देव पावला.

लोक आता आप्पांच्या अंगावर धावून जातील, असं तुम्हाला वाटलं असेल. छे! आप्पांनी माईकवर गळा काढला, "मी कुणाच्या घरात डोकावलो का? ह्या बायकांनी देवाला फसवलं!" आणि मांडव आयांवर उलटला. चपला आल्या, शिव्या आल्या. सासूबाई कपाळ बडवून घेत होत्या. त्या गदारोळात चिन्मयीनं आईचा हात धरला आणि एवढंच म्हणाली,

"आई, आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मंचामागं आम्ही एकमेकांना दाखवायचो, कुणाला पोटात टोचतात, कुणाला मांडीत. तुम्ही सगळ्यांनी शपथा घातल्या होत्या, म्हणून मोठ्यांना सांगितलं नाही. आदर्शला सांगितलं होतं. म्हटलं, तुझ्या आईलाही सांग चोरून द्यायला."

गुणाबाई तोवर गर्दीतून वाट काढत जवळ आली होती. तिनं हे ऐकलं. ती रडली नाही, ओरडलीही नाही.

"सांगितलंतं त्यानं," ती म्हणाली. "सोमवारी. 'आई, समद्यास्नी टोचत्यात, मला बी टोच की.' सुई बगितली की पळून जानारं पोरगं, सुई मागायलतं. मी त्याला थोबाडीत दिलो. म्हटलो, चिन्मयीची आई शाळंत शिकिवत्यात, त्या खोटं बोलतील व्हय रं?"

विद्युल्लता तिच्या पाया पडायला वाकली. गुणाबाई दोन पावलं मागं सरकली.

"पाया पडू नगासा. माझं पोरगं मेलंय, माझं आता कोन ऐकत न्हाय. तुमची पोरगी जिती हाय. तुमीच सांगत फिरा."

आप्पांना अटक झाली आणि काही दिवसांत ते जामिनावर सुटलेही. आता त्यांचा नवा मठ लोंढ्याजवळ आहे. तिकडं ऊस नाही, म्हणून मध पाजतात. दारात नवा फ्लेक्स आहे, नव्या पोराचा फोटो आहे. विद्युल्लता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी लोंढा स्टेशनच्या दाराशी उभी राहते आणि मठाकडं निघालेल्या आयांना सांगते की मी खोटं बोलले होते. कुणी तिला डॉक्टरांची दलाल म्हणतं, कुणी तोंडावर थुंकतं. घरी सासूबाई तिच्याशी बोलत नाहीत. ते तिनं भोगावं, तिची कीव करायचं कारण नाही.

तुम्हाला मात्र सांगायला हवं. टाइप वनच्या पोराला इन्सुलिन म्हणजे श्वास आहे. ते देण्यात पाप नाही आणि देव रुसण्याचा काही संबंध नाही. कुणी म्हणालं की अमक्याचं इन्सुलिन सुटलं, तर एकच विचारा, सी-पेप्टाइड किती? साधी रक्ताची तपासणी आहे, तालुक्याच्या गावीही होते. ती करू नको म्हणणारा कितीही मोठा असो, त्याच्या दारातून पोराला उचला आणि चालू लागा.

लोंढ्याला हल्ली काही बाया विद्युल्लताचं सगळं ऐकून घेतात, इकडंतिकडं बघतात आणि तिच्या कानाशी लागून म्हणतात, "आक्का, आमी बी चोरून देतोच की. घरच्यांची समजूत काढायला नुसतं जाऊन येतो. त्यानं कुनाचं काय बिगडतंय?"

"औषध देत राहा," विद्युल्लता त्यांना सांगते. "पण आत जाऊन 'सोडली' म्हणू नका. तुमचं ऐकून कुणीतरी खरंच सोडतं."